बेसची जवारी

आमच्या घरात जेवणाची वेळ घड्याळ ठरवत नसे, आप्पांचा कान ठरवायचा. आप्पा म्हणजे माझे वडील. ते मिरजेत तानपुरे आणि सतारी करायचे. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत तेच चालायचं, त्यामुळे त्याचं कौतुक कुणाला नव्हतं. कौतुक होतं ते जवारीचं. तानपुऱ्याच्या पोटावर हाडाची एक रुंद पट्टी बसवतात, तिला घोडी म्हणतात, आणि चारही तारा तिच्यावरून जातात. त्या हाडाचा माथा कानशीनं इतक्या बेतानं घासायचा, की छेडलेली तार जाता जाता हाडाला चाटून जावी आणि एका सुरामागे आणखी चार सूर उठावेत. हीच जवारी. घासणं जरा जास्त झालं तर तानपुरा पत्र्यासारखा वाजतो, कमी झालं तर मुका राहतो. मुक्या तानपुऱ्याला आप्पा 'बंद' म्हणायचे. पुढं पुढं तर ते माणसांनाही बंद आणि खुली अशा दोनच जातींत बसवायला लागले. माझे थोरले काका बंद होते, पोस्टमन खुला होता, आणि मी कुठल्या जातीतली हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

जवारीला बसले की आप्पांना घरात दुसरा आवाज खपत नसे. कुकर लावायचा नाही, मिक्सर सुरू करायचा नाही, बादलीत नळ सोडायचा नाही. माझी आई उंब्रजची, ऊसवाल्यांच्या घरातली. तिच्या माहेरी विहिरीवरच्या इंजिनापुढं माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायची. ती लग्न होऊन अशा घरात आली की जिथं डाळ शिजली हे वासावरून ओळखावं लागे. माहेरून मिळालेला कुकर तिनं कित्येक वर्षं फळीवर मांडून ठेवला होता, लोक शोकेसमध्ये बाहुल्या ठेवतात तसा. शेंगदाण्याची चटणी कुटायची ती आप्पा बाजारात गेले की. भाकरी थापायला मात्र परवानगी होती. "भाकरीला सूर नसतोय, ती चालंल," असं आप्पांनीच जाहीर केलं होतं, आणि आई त्यावर म्हणायची, "आवं, मग तीच खावा जल्मभर, कोरडी." भडंगाचा डबा कायम भरलेला असायचा, कारण भडंग कालवायला आवाज लागत नाही. खायला लागतो. म्हणून जवारीच्या वेळी मी भडंग तोंडात धरून बसायची, ते आपोआप विरघळेपर्यंत. चुरमुरे कुरकुरीत असतात ही माहिती मला तशी उशिराच मिळाली.

मला भाऊ नव्हता. शिराळ्याहून चुलतभावाला आणून आप्पांच्या हाताखाली बसवायचं वर्षानुवर्षं घाटत होतं, पण त्याचं मन ट्रॅक्टरमधून निघत नव्हतं. मी घरातच होते, मला दोन हात होते आणि दोन कानही, पण मुलींनी करायची कामं वेगळी होती. भोपळे उन्हात फिरवायचे, लाखेचं पॉलिश गाळायचं, खुंट्यांना खडू लावायचा. जवारीच्या बैठकीत मुलीनं बसायचं नाही. तसा काही लेखी नियम नव्हता, पण आमच्याकडे लिहून न ठेवलेले नियमच जास्त पाळले जायचे. मी दाराच्या अलीकडे बसून पॉलिश गाळायची आणि पलीकडे काय चाललंय ते ऐकायची. एखाद्या तानपुऱ्याची तिसरी तार अजून उघडली नाही हे मला आत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या आधी कळायचं. कळून करणार काय? पॉलिश गाळायची.

आणि मग मामा रजेवर आला. मामा फौजेत हवालदार होता आणि तेव्हा शिलाँगला होता. त्यानं आईसाठी चहाची पत्ती आणली, आप्पांसाठी लोकरीची टोपी आणली, जी मिरजेच्या हवेत घालायला आप्पांना शिलाँगलाच जावं लागलं असतं, आणि मला एक कॅसेट दिली. कॅसेटवर बॉलपेननं नुसतं 'रॉक' लिहिलेलं होतं. "तिकडं गल्लीगल्लीत गिटारी हायत," मामा म्हणाला. "प्रार्थनेला बी गिटार, लग्नात बी गिटार, आन् पोरगी बघायला गेलं तरी गिटार. आपल्याकडं नांगर असतोय तसं." तिथल्याच कुणा पोरांनी खोलीत बसून भरलेलं गाणं होतं ते. कोण पोरं, कुठली खोली, मला आजतागायत माहीत नाही. आप्पा बाजारात गेल्यावर चटणी कुटून झाली की उरलेल्या वेळात आई मला ती कॅसेट लावू द्यायची.

त्या कॅसेटमध्ये एक पोरगा किंचाळत होता, एक गिटार त्याच्याहून जोरात किंचाळत होती, आणि कुणीतरी पत्र्याचं दुकान पाडत होतं. आईनं एवढंच ऐकलं. मी तानपुऱ्याच्या घरातली असल्यामुळे मला पुढचं काही नीट ऐकूच आलं नाही, मला मागचं ऐकू आलं. त्या सगळ्या गोंधळाच्या खाली एक जाड, ठाम आवाज चालला होता. तो कुणाशी भांडत नव्हता. तो थांबला की वरचे सगळे उघडे पडायचे. त्याला बेस गिटार म्हणतात हे मला नंतर समजलं. तेव्हा एवढंच वाटलं की हे मला वाजवायचंय. असं काही हवंसं वाटण्याची मला सवय नव्हती, त्यामुळे दोन दिवस मला ताप आलाय असंच वाटत होतं.

मी कॉमर्सला सांगलीला जायची. आमच्या बसस्टॉपसमोर एका टायपिंग क्लासच्या वरच्या खोलीत इंजिनिअरिंगची चार मुलं रॉक वाजवायची. खालच्या यंत्रांची खडखड आणि वरच्या ड्रमची खडखड एकमेकींत इतकी मिसळायची की परीक्षेला बसलेल्या मुली तालात चुकायच्या. मी बस सोडून जिन्यावर बसून ऐकायला लागले. एक दिवस खोलीतला एक मुलगा बाहेर आला. उंच, चष्मा, हातात गिटारीपेक्षा लांब मानेचं, चारच तारांचं वाद्य. हा समीर. पुण्याचा. त्यानं विचारलं, "इथे काय करतेस?"

"तुमची सगळ्यात जाड तार उतरलीय," मी म्हणाले. "कालपासून."

त्यांच्यापैकी कुणालाही तारा सुरात लावता येत नव्हत्या. गिटारी मात्र होत्या, आणि काय होत्या! एक काळी, दोन शिंगं असलेली, बैलपोळ्याला सजवल्यासारखी. एक लाल, जिच्यावर मालकानं वाघाचं चित्र चिकटवलं होतं. त्यांच्या तारांखाली लोहचुंबकं बसवलेली असतात, ती तारेची थरथर वायरीतून डब्यात नेतात आणि डबा ती मोठी करून बाहेर टाकतो. दोन्ही गिटारींना पायानं दाबायची एकेक पेटी जोडलेली होती. ती कशाला, असं विचारल्यावर कळलं की आवाज फाडायला. चांगला सरळ येणारा आवाज फाडण्यासाठी त्यांनी त्या पेट्या मुंबईहून मागवल्या होत्या. समीरचा बेस जपानी होता, जहाजावर नोकरी करणाऱ्या त्याच्या थोरल्या भावानं आणलेला. समीरला तो आवडत नसे. चौघांत गिटार वाजवायला तिघं तयार होते, चिठ्ठ्या टाकल्या, आणि समीरच्या वाट्याला बेस आला. "चार तारा, आणि कुणी ऐकत नाही," तो म्हणायचा. जगातले निम्मे बेसवाले असेच चिठ्ठीत हरलेले असतात, हे मी आता खात्रीनं सांगू शकते.

तर मी त्यांच्या तारा लावून द्यायची, आणि त्याच्या बदल्यात समीर मला अर्धा तास बेस हातात द्यायचा. पाऊण वर्ष हे चाललं. माझ्या बोटांना घट्टे पडले. आईनं ते बघितले आणि म्हणाली, "कॉमर्सला बोटं लय झिजत्यात गं?" आणि भाकरी थापायला वळली. साताऱ्याला कॉलेजांची स्पर्धा लागली तेव्हा लाल गिटारवाल्याचे तीन विषय राहिले होते, त्याच्या वडिलांनी त्याला उचलून इस्लामपूरला नेला, वाघासकट. समीर आनंदानं उसनी गिटार घेऊन पुढं सरकला. बेसला माणूस उरला नाही. समीर माझ्याकडे बघून म्हणाला, "तू वाजवशील?" मी हो म्हणाले की नाही ते आठवत नाही. जिन्यावरून उतरताना मी पायऱ्या मोजल्या होत्या हे आठवतंय, कारण पाय जमिनीला लागत नव्हते.

चौथ्या दिवशी समीर घरून, पुण्याहून येताना तो बेस एसटीच्या फळीवरून खाली पडला. मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी फुटली, खाली तारा ज्यावर टेकतात त्या लोखंडी तुकड्यांपैकी एक वाकडा झाला. साताऱ्याला पाच दिवस राहिले होते. अशा वाद्याला हात लावणारा माणूस सांगलीत तेव्हा नव्हता. समीर म्हणाला, "संपलं. नाव काढून घेऊ." त्यावर माझ्या तोंडून गेलं, "माझे आप्पा करतील."

आप्पांनी बेस मांडीवर घेतला, उलटा केला, ठोकून बघितला. मग विचारलं, "ह्याला प्वॉट कुठं हाय?"

"नसतं आप्पा. भरीव लाकूड असतं."

"मग आवाज ऱ्हातो कुठं?"

मी त्यांना लोहचुंबकं दाखवली, वायर दाखवली, समीरनं सोबत दिलेला छोटा डबा दाखवला. एखाद्या घरी गेल्यावर चूल दिसू नये तसं तोंड करून ते ऐकत होते. मग मी धीर करून सांगितलं की साताऱ्याला हे मी वाजवणार आहे. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"गाणार न्हाईस?" आप्पांनी विचारलं.

"नाही. गाणारा पुढं असतो. हे मागून."

"म्हंजे साथीचं वाद्य हाय व्हय," आप्पा म्हणाले. "मग हरकत न्हाई." त्यांच्या लेखी रॉक म्हणजे काय हा प्रश्नच नव्हता, मुलगी पुढं बसते की मागं एवढाच होता. मला त्याचा राग यायला हवा होता. पण मला पाहिजे होतं ते मिळालं होतं, आणि अशा वेळी तत्त्वाचा राग कुठं जातो कोण जाणे.

दोन दिवसांत त्यांनी फुटलेल्या पट्टीच्या जागी हाडाची पट्टी कोरून बसवली, इतकी नेमकी की जपानी माणसालाही ती आपलीच वाटावी. वाकडा तुकडा ठोकून सरळ केला. तारा चढवल्या. मी डब्याला वायर लावून वाजवून दाखवला. आप्पांनी मान तिरपी करून ऐकलं.

"बंद हाय," ते म्हणाले.

"असाच असतो आप्पा."

"बंद हाय गं. लाकूड चांगलंय, तार चांगलीय, आन् आवाज बघ, तोंडात मिठाची गुळणी धरल्यावानी." मी हसले आणि विषय तिथंच सोडला. ती माझी चूक. त्यांच्या आयुष्यात त्यांनी बंद जवारीचं वाद्य उंबऱ्याबाहेर कधी जाऊ दिलं नव्हतं. गिऱ्हाईक एक खुंटी बदलायला यायचं आणि नवी जवारी घेऊन जायचं. विचारत नसत. ताप असलेल्या पोराला कुणी विचारतं का, की काढा देऊ का म्हणून?

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजहून आले तर घरात भांड्याचा आवाज नव्हता, नळ नव्हता, आणि आई चूल बंद करून पायरीवर बसलेली. मी चप्पल न काढताच आत धावले. आत बेसवरचे लोखंडी तुकडे काढून टाकलेले होते आणि त्यांच्या जागी हाडाची रुंद घोडी बसली होती. तानपुऱ्याला बसते तशीच, फक्त ह्या जाड तारांच्या बेतानं. घोडी आणि तार यांच्या मधे आप्पांनी सुताचा एकेक दोराही सारला होता. कानस खाली ठेवून ते म्हणाले, "आता वाजीव."

मी वाजवला. त्यावर आज इतकी वर्षं होऊन गेलीत आणि ह्या धंद्यात माझ्या कानावरून किती वाद्यं गेली त्याची गणती नाही, म्हणून जबाबदारीनं सांगते: तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. सगळ्यात जाड तार छेडली तर तिचा सूर आला, आणि त्याच्या आतून दुसरा वर आला, आणि त्याच्या मागून तिसरा, आणि पहिला संपायच्या आत खोलीत सगळीकडं काहीतरी उभं राहिलं होतं. खिडकीच्या गजांना हात लावला तर ते बोलत होते. आई पायरीवरून उठून आत आली. "बया," ती म्हणाली, "देवळात बसल्यावानी वाटतंय गं."  आप्पा कानावरचे केस मागं सारत होते. ते खूश असले की तसं करायचे.

मी पण खूश होते. अगदी खरं सांगायचं तर पाच मिनिटं खूश होते. मग मला समीर आठवला.

तो तासाभरातच आला. आईनं चहा केला, भडंग दिलं. त्यानं बेस घेतला, हाडाची घोडी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. वायर लावून दोन सूर वाजवले आणि हात उचलला. "काका, हा झणझणतोय," तो म्हणाला. "तार घासतेय कुठेतरी. हा दोष आहे. असा नाही चालणार." आवाज फाडायला ज्यांनी मुंबईहून पेट्या मागवल्या त्यांच्यातलाच हा एक. पण ते मला तेव्हा सुचलं नाही. अशी उत्तरं आपल्याला तीस वर्षांनी सुचतात.

"दोष न्हाई पोरा, जवारी हाय," आप्पा समजुतीच्या आवाजात म्हणाले. "दोन दीस वाजवा, कानाला सवय हुईल."

"काका, परवा स्पर्धा आहे. असा घेऊन गेलो तर हसतील आम्हाला." मग तो माझ्याकडे वळून, हळू पण आप्पांना ऐकू जाईल इतकं म्हणाला, "विजया, हा असाच राहणार असेल तर आम्ही बेसशिवाय जातो."

बेसशिवाय म्हणजे माझ्याशिवाय. ते आप्पांना कळलं की नाही मला माहीत नाही. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या जवारीला कुणी दोष म्हणताना ऐकलं होतं, आणि तेही वीस वर्षांच्या पोरानं. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते चिडले नाहीत. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "विजे, तू सांग. तुला कान हाय. खराब हाय का?"

मला कान आहे हे त्यांनी त्यापूर्वी कधी म्हटलं नव्हतं. मला वाटत होतं दाराअलीकडून मी ऐकते हे त्यांना माहीतच नाही. आणि ते म्हणायला त्यांनी हीच वेळ निवडली. समीर बघत होता. आई बघत होती. मला साताऱ्याचा स्टेज दिसत होता, जो मी कधी बघितलाही नव्हता.

"खराब आहे आप्पा," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले.

एवढंच. काढलेले लोखंडी तुकडे त्यांनी कागदात पुडी करून जपून ठेवले होते, ती पुडी उघडली. घोडी उतरवली, दोरे काढले, तुकडे होते तसे बसवले, तारा चढवल्या. अर्ध्या तासात बेस बंद झाला. समीरच्या हातात देताना ते म्हणाले, "चुकलं माजं. तुमास्नी इचारायला पायजे हुतं." समीर चांगला मुलगा होता, तो ओशाळला, पुन्हा पुन्हा थँक्यू म्हणाला आणि भडंगही संपवून गेला. मी त्याला सोडायला कोपऱ्यापर्यंत गेले, कारण मला घरात थांबायचं नव्हतं. परत आले तर आईनं कुकर लावला होता. आप्पा बाहेरच्या खोलीत बसले होते आणि त्यांनी तो उतरवायला सांगितला नाही. तीन शिट्ट्या झाल्या. मला जितकी लाज वाटली तितकी त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि तरी मी मनात परवाच्या सुरांची उजळणी करत होते, हेही सांगून टाकते.

साताऱ्याला आम्ही भाड्याच्या ट्रॅक्स जीपनं गेलो. उंब्रजला मामीनं आम्हा सगळ्यांना गाडी थांबवून पिठलं-भाकरी खाऊ घातली आणि काळ्या गिटारीला हळदकुंकू लावलं. स्पर्धा एका मैदानावर मांडवात होती. स्पीकरवाला गणपतीचे मांडव करणारा, त्यानं आमच्या सगळ्या वायरी आपल्या पेटीत खुपसल्या. मी मागं उभी राहिले. समोर अंधुक डोकी, शिट्ट्या, आणि पहिल्या तीन ओळींत आपण कुठं आलो असं तोंड करून बसलेले प्राध्यापक. मी वाजवला. एकही सूर चुकला नाही. सगळ्या गोंधळाच्या खाली माझा जाड, ठाम आवाज चालला होता, मला तो पायाच्या तळव्यांतून ऐकू येत होता. बारा मिनिटं. माझ्या आयुष्यात तेवढीच बारा मिनिटं मी रॉक वाजवला, आणि मी सुखी होते. खोटं कशाला बोलू?

उतरल्यावर मी वायर गुंडाळून द्यायला स्पीकरवाल्याकडं गेले. तो तंबाखू मळत होता. "ताई, झ्याक झालं," तो म्हणाला. "फकस्त त्ये तुमचं जाड तारांचं म्या काढून टाकलं हुतं."

"काढून म्हणजे?"

"बंद केलं की. पयल्याच फटक्याला स्पीकर फडफडाय लागला. नवा हाय ओ, गौरी-गणपतीला लागतोय. पर कुनाला कळलं बी न्हाई बगा."

कुणाला कळलं नव्हतं. समीरला नाही, ड्रमवाल्याला नाही, परीक्षकांना नाही, आणि मलाही नाही, जी कान असलेली होती. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. येताना ट्रॅक्समध्ये सगळे गात होते. मी खिडकीशी बसून रडले, आणि समीरला वाटलं आनंदानं.

घरी आप्पांनी विचारलं, "वाजला का?"

"वाजला."

"ऐकू आला लोकांस्नी?"

"आला," मी म्हणाले. एकदा सुरुवात झाली की पुढचं सोपं जातं.

आठवड्यानंतरची गोष्ट. मी दाराअलीकडे पॉलिश गाळत होते. आत धारवाडकडच्या एका बाईंचा तानपुरा होता. आप्पांनी हाक मारली, "विजे, आत ये. बस हितं. ऐक." त्यांनी चारही तारा छेडल्या. "खराब हाय का?" मला वाटलं हा टोमणा आहे. माझे कान तापले. पण त्यांनी पुन्हा छेडल्या आणि वाट बघत राहिले. मी म्हणाले, "तिसरी अजून उघडली नाही." त्यांनी कानस उचलली. "आता?" "आता उघडली." "मग जाऊ दे भाईर." धारवाडच्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यानंतर एकही तानपुरा माझ्या कानाखालून गेल्याशिवाय घराबाहेर गेला नाही. वर्षभरानं त्यांनी कानस माझ्या हातात दिली. शिराळ्याच्या चुलतभावाचं नाव पुन्हा निघालं नाही, तो आणि त्याचा ट्रॅक्टर सुखात राहिले. लग्न करून मी सांगलीला आले तरी रोज सकाळच्या बसनं मिरजेला जायची. लोक 'ताईंची जवारी' म्हणायला लागले. मी मात्र कित्येक वर्षं त्या 'खराब हाय का?'मध्ये टोमणा शोधत राहिले. एकदा खोटं बोलल्यामुळे मला पुढं जन्मभर खरं बोलावं लागलं, प्रत्येक तारेला, आणि आप्पा दरवेळी मान हलवून ऐकायचे, न्यायाधीशापुढं उभं राहिल्यासारखे.

आता माझी पन्नाशी उलटून गेलीय. हल्ली पुण्यामुंबईची मुलंसुद्धा गिटारी आणि बेस दुरुस्तीला घेऊन येतात. चारेक वर्षांपूर्वी असाच एक मुलगा आला, बेस घेऊन. त्यानं फोनवर मला परदेशातल्या कुणाचं तरी वाद्य दाखवलं. त्यावर चक्क हाडाची रुंद घोडी होती. "ताई, असा झणझणता आवाज पाहिजे," तो म्हणाला. "जगात फार कमी लोकांना जमतं म्हणे." मी त्याला म्हणाले, ठेवून जा. आप्पा तेव्हा शेवटच्या वर्षात होते, कान जवळजवळ गेलेले, दुपारभर बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून असायचे. त्यांच्या शेजारी मी तो बेस टेकवून ठेवला. त्यांनी बराच वेळ त्याच्या तारांवर हात फिरवला.

"विजे," ते म्हणाले, "त्या पोराचं असंच हुतं न्हवं? साताऱ्याला न्हेलंतं ते."

मी मान हलवली.

"त्याची जवारी," ते म्हणाले. "खरंच खराब हुती व्हय गं?"

इतकी वर्षं त्यांनी तो प्रश्न ठेवला होता. मला खरं सांगता आलं असतं. सांगायचं होतं, फार सांगायचं होतं, की आप्पा, तुमच्या हातून त्याच्याइतकं चांगलं काम ना आधी झालं ना नंतर. पण मग त्यांना हेही कळलं असतं की ज्या दिवशी त्यांनी माझ्या कानावर पहिला भरवसा टाकला, त्याच दिवशी मी त्यांना फसवलं. त्यांनी कानस माझ्या हातात दिली ती त्याच एका शब्दावर. आणि त्यांना ऐकू येत नसल्यामुळे जे काही बोलायचं ते हळू बोलायची सोय नव्हती. मी वाकले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, गल्लीत दोघं-तिघं थांबून बघतील इतक्या मोठ्यानं ओरडले, "व्हय आप्पा! खराब होती!"

"मग ठीक," आप्पा म्हणाले. "बापाला बी सोडलं न्हाईस. म्हणून तर जवारीला बसवली तुला." आणि त्यांनी बेसवरचा हात काढून घेतला.